घोडा आधी, फोटो मग

सोंग-कुलपर्यंत गाडी जाते. कोचकोर गावातून सकाळी जीप ठरवली, तर सुमारे 3,400 मीटर उंचीवरची काल्माक-आशू खिंड ओलांडून तीन-साडेतीन तासांत माणूस तळ्याकाठी पोचतो. तिथं जेवतो, तळ्याकडे पाठ करून आपला फोटो काढून घेतो आणि अंधार पडायच्या आत कोचकोरला परततो. असं असूनही किर्गिझस्तानातल्या या तळ्याकडे दर उन्हाळ्यात काही माणसं कॅमेरे घेऊन घोड्यावरून जातात. वाटाड्याच्या मागोमाग डोंगर चढतात, मुक्काम करत जातात, मांड्या आणि कंबर आखडून घेतात. मीही तशीच गेले. परत आल्यावर जो भेटला त्यानं एकच विचारलं: गाडी असताना घोडा कशाला?

याचं उत्तर सुरू होतं दुपारपासून. जीप पोचते ती दुपारी. तीन हजार मीटरवरचं जुलैतलं दुपारचं ऊन म्हणजे डोक्यावरून सरळ कोसळणारा पांढरा उजेड. गवताला सावली नाही, डोंगरांना उठाव नाही, आकाश फिक्कट. मेंढ्या दूर वरच्या उतारांवर गेलेल्या असतात, गुराखी त्यांच्यामागे, बायका तंबूच्या आत. गाडीतून उतरणाऱ्याला तळं दिसतं, गवत दिसतं, पांढरे तंबू दिसतात. माणसं आणि जनावरं ज्या कामासाठी तिथं आलेली असतात ते काम मात्र दिसत नाही, कारण ते त्या वेळी चाललेलं नसतं किंवा तिथं चाललेलं नसतं. मग फोटोही तसाच येतो, कॅलेंडरवरचा. हजारो लोकांनी काढलेला.

घोड्यावरून जाणाऱ्याला त्या कामाच्या मधूनच जावं लागतं. दुसरी वाट नसते.

सोंग-कुल तिएन शान पर्वतांच्या मधोमध, नारिन प्रांतात आहे. समुद्रसपाटीपासून 3,016 मीटर. लांबी सुमारे 29 किलोमीटर, रुंदी 18, पसारा 270 चौरस किलोमीटरच्या आसपास. आकारानं देशातलं दुसऱ्या क्रमांकाचं तळं. पहिलं इस्सिक-कुल, पण त्याचं पाणी थोडं खारट, याचं गोड. काठावर एकही झाड नाही. वर्षातले सहा महिने आणि त्याहून अधिक काळ तिथं बर्फ असतं. जूनमध्ये खिंडी मोकळ्या झाल्या की खालच्या गावांतली कुटुंबं मेंढ्या, गाई आणि घोडे घेऊन वर येतात आणि सप्टेंबरात उतरतात. या उन्हाळी कुरणांना तिथं जायलू म्हणतात. तळ्याचं पाणी एका नदीतून नारिनला मिळतं, नारिन पुढे उझबेकिस्तानात कारा-दर्याला मिळून सिर-दर्या होते. म्हणजे जिथं आपण तिपाई रोवतो, तिथलं पाणी पार वाळवंटातल्या कापसापर्यंत जातं.

या देशाचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग डोंगराळ आहे. लोकसंख्या सत्तर लाखांच्या घरात. आपल्याकडे त्याचं नाव आता माहीत झालं आहे ते वैद्यकीय शिक्षणामुळे. हजारो भारतीय मुलं तिथं डॉक्टरकी शिकतात, त्यांत मराठी मुलंही आहेत. बिश्केकच्या विमानात माझ्या मागच्या रांगेत लातूरकडची दोन मुलं बसली होती. चार वर्षं तिथं राहूनही तळ्याकडे ती कधी गेली नव्हती. परीक्षा जूनमध्ये, घरी यायचं तिकीट जुलैत, आणि कुरणं मोकळी असतात तेव्हाच नेमकी ती देशाबाहेर. एकाच देशाची किती वेगळी वेळापत्रकं असतात, हे मला पुढच्या काही दिवसांत पुनःपुन्हा जाणवणार होतं.

* * *

घोड्यावरच्या अशा सहलींची घडी कोचकोरमध्ये बसली, त्याला आता दोन दशकं उलटून गेली आहेत. 1991 मध्ये सोव्हिएत संघ संपला, तशी सामूहिक शेतीची सगळी यंत्रणा कोसळली. सोव्हिएत काळाच्या अखेरीस देशात सुमारे एक कोटी मेंढ्या होत्या. 1990च्या दशकात त्यांची संख्या निम्म्याहून खाली गेली. पगार थांबले होते, लोकरीला गिऱ्हाईक उरलं नव्हतं, लोकांनी जनावरं मारून खाल्ली किंवा पीठ-साखरेवर विकली. अशा काळात 2000 सालाच्या सुमारास हेल्वेटास या स्विस संस्थेच्या मदतीनं कोचकोरच्या काही कुटुंबांनी पाहुणे ठेवायला सुरुवात केली. कुणी तंबू देणार, कुणी घोडे, कुणी वाट दाखवणार, कुणी जेवण करणार. दर ठरलेले, पाहुण्यांच्या पाळ्या ठरलेल्या. पुढे अशा गटांची देशभर संघटना झाली.

या रचनेत एक शहाणपण आहे. वाटाड्या त्याच कुरणावर वाढलेला असतो, घोडा त्याचा स्वतःचा किंवा चुलतभावाचा असतो आणि मुक्काम त्याच्या मावशीच्या नाहीतर मेहुण्याच्या तंबूत असतो. फोटो काढणाऱ्याला याचा फायदा केवढा असतो, हे पैशात सांगता येणार नाही. परक्या माणसानं कॅमेरा उचलला की समोरचा माणूस आवरून बसतो. भाच्याबरोबर आलेल्या पाहुण्यानं उचलला, तर समोरचा आपलं काम चालू ठेवतो.

आमचे वाटाडे पन्नाशीचे. हिवाळ्यात गावच्या शाळेत शिकवत, उन्हाळ्यात घोडे काढत. वयानं मोठ्या पुरुषाला तिथं बाइके म्हणतात, मोठ्या बाईला एजे. आम्हीही त्यांना बाइकेच म्हणत होतो. त्यांना किर्गिझ आणि रशियन येई. बरोबर बिश्केकला शिकणारी त्यांची पुतणी दुभाषी म्हणून होती. आमच्या गटाचं नेतृत्व करणारा छायाचित्रकार प्रकाश, भिंग, चौकट यांबद्दल शिकवायला होता आणि त्यानं ते चांगलं शिकवलं. पण किझार्त गावाच्या बाहेर घोडे उभे केले गेले, त्या क्षणापासून खरा शिक्षक कोण हे स्पष्ट झालं.

बाइकेंनी आधी माणसांकडे पाहिलंच नाही. त्यांनी सामान पाहिलं. प्रत्येकाची पिशवी उचलून वजन अजमावलं. पाठीवरच्या कॅमेरा-पिशव्या सगळ्यांना काढायला लावल्या. घोडा दुडक्या चालीवर आला की पाठीवरचं ओझं दणके देतं, स्वार मागे ओढला जातो आणि घोड्याची पाठ सोलवटते. सामान खुर्जीत गेलं, खुर्जीची दोन्ही तोंडं तोलून भरली गेली. एका बाजूला भिंग तर दुसऱ्या बाजूला तेवढ्याच वजनाचं काहीतरी. तिपाया नमद्यात गुंडाळून ओझ्याच्या घोड्यावर बांधल्या. अंगावर एकच कॅमेरा आणि एकच भिंग ठेवायचं, तेही छातीशी पट्ट्यानं घट्ट. लोंबणारा पट्टा नको, प्लॅस्टिकची चुरचुरणारी पिशवी नको, आणि खोगिरावर बसल्या-बसल्या रेनकोट तर अजिबात घालायचा नाही. वाऱ्यावर फडफडणाऱ्या कापडाला घोडा बुजतो. पाऊस आला तर उतरायचं, लगाम हातात धरायचा, मग घालायचा.

किर्गिझ घोडा बुटका असतो, खांद्याजवळ 140 सेंटिमीटरच्या आसपास. छाती रुंद, पाय आखूड, खूर कडक. सोव्हिएत काळात त्याचा दोनच्या घोड्यांशी आणि थरोब्रेडशी संकर करून उंच, वेगवान अशी नवी जात काढण्यात आली. ती सपाटीवर चांगली पळाली, पण थंडीत उघड्यावर राहून बर्फाखालचं गवत उकरून खाण्याची जुन्या घोड्याची ताकद तिच्यात पुरती उतरली नाही. डोंगरात आजही भरवसा आहे तो बुटक्या घोड्यावरच. मला मिळालेला कुमेत घोडा असाच. दगडगोट्यांच्या उतारावर तो मान खाली घालून, एकेक पाऊल चाचपून टाकायचा. लगाम ओढून त्याला वाट दाखवायला जाऊ नका, असं बाइके एकदाच म्हणाले. पुन्हा म्हणावं लागलं नाही.

* * *

खोगिरावरून फोटो काढणं हे जमिनीवरून काढण्यापेक्षा निराळं काम आहे, आणि ते शिकण्यासारखं आहे. डोळा जमिनीपासून सव्वादोन मीटरच्या आसपास येतो. एवढ्याशा उंचीनं किती फरक पडतो, हे चढल्याशिवाय कळत नाही. मेंढ्यांचा कळप जमिनीवरून पाहिला, तर पुढची रांगच दिसते. घोड्यावरून कळपाची पाठ दिसते, त्याचं वळण दिसतं, कोणती मेंढी फुटायच्या बेतात आहे ते दिसतं. गुराखी घोडा वापरतो त्याचं एक कारण हेही आहे.

दुसरं कारण आणखी मोठं. पायी माणूस जवळ आला की कळपातल्या घोड्या कान टवकारतात, शिंगरं आईच्या पलीकडे जातात. स्वार आला तर कुणी मान वर करत नाही. मोकळ्या घोड्यांच्या इतक्या जवळून मी कधीच गेले नसते. लांब पल्ल्याचं जड भिंग मी किझार्तहून मोठ्या हौसेनं नेलं होतं. त्याचा उपयोग पक्ष्यांसाठी झाला, घोड्यांसाठी जवळजवळ नाहीच.

अडचणीही आहेत. उभा घोडासुद्धा स्थिर नसतो. त्याच्या श्वासागणिक स्वार वरखाली होतो. म्हणून शटरचा वेग सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका किंवा त्याहून जास्त ठेवायचा आणि लगाम सैल सोडायचा. पण लगाम फार सैल सोडला तर घोडा गवतात तोंड घालतो आणि स्वाराला मानेवर ओढतो. बाइकेंनी यावर साधी तोड सांगितली. थांबताना घोड्याचं तोंड चढाकडे करा. चढाकडे तोंड असलेला घोडा वजन मागच्या पायांवर घेऊन स्वस्थ उभा राहतो. खोगिरावर भिंग बदलायचं नाही. जे लावलं आहे त्यातच चित्र शोधायचं. या एका बंधनानं आमच्या गटातल्या सगळ्यांचे फोटो सुधारले, असं माझं प्रामाणिक मत आहे. पर्याय कमी झाले की माणूस नीट बघायला लागतो.

पहिला मुक्काम किलेमचेच्या कुरणात. उंची तळ्यापेक्षा कमी, त्यामुळे शरीरालाही सवय होते. बिश्केक 800 मीटरवर, कोचकोर 1,800वर. तिथून गाडीनं तीन तासांत तीन हजारांवर गेलेल्या अनेकांचं डोकं दुखतं, रात्री झोप लागत नाही, कारण तिथं हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सत्तर टक्क्यांच्या जवळपास असतो. घोडा माणसाला हळूहळू चढवतो. जे जुन्या व्यापाऱ्यांना ठाऊक होतं ते आजच्या डॉक्टरांचंही सांगणं आहे: चढताना एक रात्र मध्ये घालवा.

त्या कुरणात मी घोडीचं दूध काढताना पाहिलं, आणि या सगळ्या प्रवासात मला जे सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच. जमिनीलगत लांब दोर ताणलेला असतो आणि त्या दावणीला शिंगरं बांधलेली असतात. शिंगरं बांधलेली असली की घोड्या लांब जात नाहीत. चरून-चरून त्यांच्याचकडे परत येतात. दर दोन तासांनी, दिवसातून पाच-सहा वेळा दूध काढतात, कारण घोडीची कास लहान, तिच्यात फार साठत नाही. आधी घरातला मुलगा शिंगरू सोडून आईजवळ आणतो. ते दोन-चार घोट पितं, घोडीला पान्हा फुटतो, मग तो शिंगराला बाजूला ओढून तिच्या खांद्याशीच धरून ठेवतो आणि बाई एक गुडघा टेकून, दुसऱ्या मांडीवर बादली ठेवून धारा काढते. पुरतं एक मिनिटही लागत नाही. शिंगरू दिसेनासं झालं तर घोडी दूध चोरते. हे दूध कातडी पिशवीत किंवा लाकडी पिंपात ओततात, जुन्या आंबलेल्या दुधाचं विरजण त्यात असतंच, आणि दिवसभर येता-जाता कुणी ना कुणी ते रवीसारख्या दांड्यानं घुसळतं. त्याचं होतं किमिझ. आंबट, किंचित धुरकट, किंचित नशा आणणारं. पिशवीला आतून धुरी दिलेली असते, म्हणून तो वास. गाईच्या दुधासारखा घट्ट दह्याचा थर त्यात धरत नाही, कारण या दुधात केसीन कमी असतं.

आता उजेडाकडे या. या देशाचं घड्याळ सूर्याच्या तासभर पुढे आहे. जुलैत सूर्य पावणेसहाच्या सुमारास उगवतो, साडेआठच्या सुमारास मावळतो. दिवसातलं पहिलं दूध काढतात ते सकाळच्या तिरप्या उन्हात आणि शेवटचं संध्याकाळच्या. छायाचित्रकार ज्या उजेडासाठी जीव टाकतो, तो त्यांच्या कामाचा उजेड आहे. आमचा प्रशिक्षक पहिल्या संध्याकाळी सगळ्यांना टेकाडावर नेणार होता, सूर्यास्त टिपायला. मी दूध काढणाऱ्या एजेंच्या मागे दावणीपाशी राहिले. बाई असल्याचा इथं फायदा झाला. त्यांनी मला शिंगरू धरायला दिलं. हातात दोर असल्यामुळे त्या वेळी मला एकही फोटो काढता आला नाही, पण पुढच्या पाळीला कुठं उभं राहिलं तर घोडी बिचकणार नाही, हात कुठं दिसेल, शिंगराचा डोळा कुठं येईल, हे कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी काढलेले फोटो त्या कळण्याचे आहेत.

* * *

तळ्याकडे जाणारी खिंड तीन हजार तीनशेच्या पुढे. चढ शेवटी इतका उभा होतो की उतरून घोड्याच्या बाजूनं चालायचं. वर पोचल्यावर तळं एकदम सगळं दिसतं, आणि गटातले सगळे कॅमेरे एकदम वर होतात. मीही केला. त्या फोटोंबद्दल सांगण्यासारखं फार नाही. ते सुंदर आहेत आणि सगळ्यांचे सारखे आहेत.

दुपारी ढग जमतात आणि वीज पडते, हे तिथं नित्याचं. वीज कडाडू लागली तशी बाइकेंनी आम्हाला कड्यावरून खाली, एका ओहळाच्या बाजूला नेलं आणि घोड्यांची तोंडं वाऱ्याच्या उलट दिशेला वळवली. गारा पडल्या. वीसेक मिनिटांत सगळं निवळलं आणि ओल्या कुरणावर असा उजेड पडला की कुणालाही भुरळ पडावी. खाली तळ्याकाठी पोचलो तेव्हाही तो टिकून होता, पाणी चकाकत होतं, आणि तिथंच या प्रवासातला एकमेव खटका उडाला.

या भागात येणाऱ्या फोटो-सहलींत एक चित्र जवळजवळ ठरलेलं असतं: उथळ पाण्यातून भरधाव घोडा, उडणारे तुषार, मागे मावळतीचा सूर्य. आमच्या गटातल्या एकानं तरुण मोतद्दाराला ते करायला सांगितलं. त्यानं केलं. पुन्हा सांगितलं, त्यानं पुन्हा केलं. तिसऱ्यांदा पैसे काढून दाखवले, तेव्हा बाइके मध्ये आले आणि त्यांनी घोडा धरला. रागावले नाहीत. पुतणीकडून त्यांनी समजावून सांगितलं की घोडा सकाळपासून चालला आहे, खिंड चढून आला आहे, घामेजलेला आहे, आणि घामेजलेल्या घोड्याला थंड पाण्यात पळवणं म्हणजे त्याचा उन्हाळा संपवणं. मग त्यांनी त्याला खुंट्याला बांधलं, खोगीर लगेच काढलं नाही. पाठ सावकाश निवावी म्हणून खोगीर तसंच राहू देतात आणि काही तास गवत-पाणीही तोंडाला लागू देत नाहीत. शर्यतीचा घोडा तयार करणाऱ्या जाणकारांना तिथं सायापकेर म्हणतात. घाम किती येऊ द्यायचा आणि किती वेळात सुकू द्यायचा यावरच त्यांची सगळी विद्या उभी असते.

मला वाटतं, अशा सहलीत वाटाड्याला हा अधिकार आहे की नाही, हे बघूनच पैसे भरावेत. वाटाड्या नाही म्हणू शकत असेल, तर ती सहल चांगली. तो नाही म्हणू शकत नसेल, तर तिथं निघणारा प्रत्येक फोटो घोड्याच्या जिवावर काढलेला असतो. इस्सिक-कुलच्या दक्षिण काठावर बोकोनबायेवोकडे गरुडानं शिकार करणारे लोक आहेत. त्यांची परंपरा खरी आणि जुनी, पण पाहुण्यांसमोरच्या प्रात्यक्षिकांत कधी-कधी जिवंत ससा सोडला जातो. तिथं कॅमेरा खाली ठेवावा, असं मी स्पष्टच म्हणते. कोक-बोरूचं तसं नाही. बकऱ्याचं धड घोड्यावरून उचलून गोलात टाकण्याचा तो खेळ रांगडा आहे, पण तो त्यांचा आहे, पाहुणे असोत-नसोत तो खेळला जातो, आणि युनेस्कोनं 2017 मध्ये त्याला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. त्याचे फोटो काढायला काहीच हरकत नाही, मैदानाच्या कडेला दोर आहे त्याच्या मागे उभं राहता येत असेल तर.

रात्रीच्या फोटोंबद्दलही एक सांगायला हवं. चंद्र नसलेल्या रात्री सोंग-कुलवर आकाशगंगा इतकी स्पष्ट दिसते की मध्यम भिंगावरही वीस सेकंदांत ती उमटते. अशा फोटोत खाली आतून उजळलेला तंबू असावा, ही आता रूढी झाली आहे. त्यासाठी रात्री बाराला तंबूतला दिवा लावायला लावतात. ज्या बाईला पहाटे घोड्यांपाशी जायचं आहे तिला त्यासाठी उठवायचं का? आमच्या प्रशिक्षकानं हा प्रश्न स्वतःच विचारला आणि आमचाच एक रिकामा तंबू उजळवला, याचं मला कौतुक वाटलं. कुत्र्यांबद्दलही आधी विचारून घ्यावं लागतं. लांडग्यांवर पाळत ठेवायला ती मोकळी असतात, आणि अंधारात तिपाई घेऊन फिरणाऱ्या आकृतीबद्दल त्यांचं मत फारसं चांगलं नसतं.

* * *

या डोंगरांवर कॅमेरा काही काल आलेला नाही. झारशाहीनं मध्य आशिया जिंकल्यावर तिथले गव्हर्नर-जनरल कॉन्स्तान्तिन काउफमान यांनी 1871-72 मध्ये ‘तुर्कस्तान आल्बम’ तयार करवून घेतला. माणसं, वेश, धंदे, इमारती, लढाया यांची शेकडो छायाचित्रं त्यात आहेत. जिंकलेला मुलूख कसा आहे ते जिंकणाऱ्यांना दाखवणं हा हेतू. माणसं समोर बसवलेली, टोपी नीट दिसावी म्हणून बाजूनं वळवलेली. पुढे 1932 मध्ये एला मायार ही स्विस प्रवासिनी घोड्यावरून तिएन शानमध्ये हिंडली. तिचं नंतरचं पुस्तक ‘तुर्कस्तान सोलो’ या इंग्रजी नावानं गाजलं. सामूहिकीकरणाचा तो कठीण काळ. भटक्या लोकांना गावांत वसवणं, कळप सरकारजमा करणं चाललेलं. तिच्या फोटोंत माणसं कामात आहेत. साठ वर्षांत कॅमेरे हलके झाले हे खरं, पण फरक तेवढ्यानं पडत नाही. आल्बमवाल्यांनी माणसांना कॅमेऱ्यापुढे आणवलं आणि मायार त्यांच्याबरोबर घोड्यावर बसली, त्यांच्या तंबूत जेवली. आजच्या सहलींतही हे दोन्ही प्रकार दिसतात, कधी-कधी एकाच माणसात, एकाच दिवशी.

कुरण हे सुद्धा नुसतं दृश्य नाही. 2009च्या कायद्यानं कुरणांची व्यवस्था गावपातळीवरच्या समित्यांकडे आली. कुणी कधी वर जायचं, कोणत्या भागात किती जनावरं, किती शुल्क, हे त्या ठरवतात. गावाजवळची कुरणं अतिचराईनं उघडी पडली आहेत, कारण लांबच्या कुरणावर जायला ट्रक लागतो, डिझेल लागतं, तंबू लागतो, आणि लहान कळपाच्या मालकाला ते परवडत नाही. पाहुण्यांचे पैसे नेमके इथं कामाला येतात. बाइकेंच्या मेहुण्यानं सरळ हिशेब सांगितला: पाहुण्यांच्या पैशांवर वरची खेप निघते, म्हणून त्यांच्या मेंढ्या वर येतात. खालचं गवत हिवाळ्यासाठी उरतं. उलट बाजूही त्यानंच सांगितली. तळ्याच्या काठावर पाहुण्यांचे तंबू वाढत चालले आहेत, काही जणांनी जनावरं ठेवणंच सोडलं आहे, आणि गाड्यांच्या चाकोऱ्या गवतात रुंदावत आहेत. एकदा चाकोरी पडली की इतक्या उंचीवर गवत पुन्हा धरायला वर्षं लागतात. घोड्याच्या वाटेनं तेवढं नुकसान होत नाही. गाडी असताना घोडा कशाला, याचं हेही एक उत्तर आहे.

तळ्याच्या पाणथळ काठावर चक्रवाक होते, पिलांसकट. उजनी-जायकवाडीच्या पाण्यावर हिवाळ्यात मी ते अनेकदा पाहिले आहेत. मध्य आशियातले हे पक्षी थंडीत भारतात उतरतात. आपल्याकडे ते सावध, दूर राहणारे. इथं मात्र पिलं असल्यामुळे जोडपं माझ्या घोड्यावरच धावून आलं, डोक्यावरून ओरडत घिरट्या घालत राहिलं. मी लगेच मागे वळले. पाणथळीच्या काठानं जायचंच नाही, वाट शंभर पावलं वरून आहे, हे बाइकेंनी हातानंच दाखवलं.

शेवटच्या मुक्कामाला बाइकेंच्या मोठ्या भावाच्या तंबूत सगळे जमलो. तंबूच्या शेंड्यावरचं वर्तुळ, ज्याला तुंदुक म्हणतात आणि जे देशाच्या झेंड्यावर आहे, त्याच्यावरचा नमदा अर्धा ओढलेला. चुलीत गोवऱ्या जळत होत्या. बोरसोक नावाच्या तळलेल्या पुऱ्या, साय, जॅम आणि चहा. आम्ही सगळ्यांनी आपापले फोटो कॅमेऱ्याच्या पडद्यावर दाखवायला सुरुवात केली.

खिंडीवरून काढलेलं तळं त्यांनी पटापट पुढे सारलं. मावळतीचे ढग, पुढे. आकाशगंगेपाशी घरातला लहान मुलगा थोडा थांबला. पण घोडा आला की सगळी डोकी एकत्र येत. सारंगखेड्याच्या यात्रेत जाणकार जसा घोड्याभोवती एक फेरी मारून मगच बोलतो, तसं त्यांचं बघणं. या घोडीचा मागचा डावा पाय दुखतो आहे, पाहा कशी टेकते. हा शेजारच्यांचा, आपल्यात कधी शिरला? हे शिंगरू आईपासून इतकं लांब का? माझ्या एका फोटोत कळपामागून येणारा अबलख घोडा होता. मी तो रंगासाठी घेतला होता. भावानं तो मोठा करून पाहिला, मांडीवरचा डाग ओळखला आणि बाहेर जाऊन मुलाशी बोलून आला. तो घोडा दोन दिवसांपासून सापडत नव्हता. फोटो कुठं काढला, किती वाजता, ऊन कुठून येत होतं, हे त्यानं बारकाईनं विचारलं. सुदैवानं कॅमेऱ्यात वेळ नोंदलेली असते.

मग त्यानं मला एक काम सांगितलं. त्याचा एक तपकिरी घोडा होता, जोर्गो, म्हणजे रेवाल चालीचा. ही चाल कसरतीनं थोडीफार घडवता येत असली तरी मुळात जन्मजात असावी लागते, आणि तिच्या शर्यती वेगळ्या होतात. त्याला त्या घोड्याचा फोटो हवा होता, छापलेला, भिंतीवर लावायला. अटी त्याच्या होत्या. घोडा बाजूनं उभा, चारही पाय वेगवेगळे दिसले पाहिजेत, मान वर, कान पुढे, मांडीवरचा डाग स्वच्छ, खोगीर नाही, आणि माणूस नाही. तळं मागे नको. माझ्या मनात तिरप्या उजेडातली छाया-आकृती होती, ती मी सोडून दिली. सकाळी घोड्याला सपाट जागी उभं केलं, मुलानं समोरून टोपीत दाणे खुळखुळवून कान पुढे करवले. मी लांब पल्ल्याचं भिंग लावून मागे सरले, कारण रुंद भिंगानं जवळून काढलं तर डोकं मोठं आणि मागची बाजू बारीक दिसते. कॅमेरा घोड्याच्या पोटाच्या उंचीवर यावा म्हणून गुडघ्यावर बसले. सूर्य पाठीशी, सावली लांब, पण पायांवर पडत नव्हती. भावानं पडद्यावर पाहिलं, मागचा उजवा पाय डाव्यामागे लपलाय म्हणून पुन्हा काढायला लावला, आणि मग तिसऱ्या वेळी मान हलवली.

हा फोटो मी पुण्यात मोठ्या कागदावर छापून घेतला आणि कोचकोरच्या पत्त्यावर पाठवला. जूनमध्ये खिंड मोकळी झाली की पहिल्या घोड्यांबरोबर तो वर जाईल, असं पुतणीनं कळवलं आहे. चौकट करू नका, असंही तिनं मुद्दाम सांगितलं आहे. खुर्जीत काच फुटते.